गुरुवारचं रक्त

त्या जूनमध्ये पेरिना श्कारित्साला चार गोष्टी मिळणार होत्या. पहिली, डॉक्टरेट. दुसरी, संस्थेतली सहायकाची कायमची जागा. ही जागा सात वर्षांतून एकदा रिकामी होते आणि ती होण्याच्या सुमारास माणसं एकमेकांच्या तब्येतीची चौकशी जरा जास्तच आपुलकीनं करतात. तिसरी, तिनं शोधलेला एक रेणू, ज्याचं नाव तिला ठेवायला मिळालं होतं. आणि चौथी गोष्ट म्हणजे आईचं गप्प बसणं. आई डोंगरापलीकडे सिन्यला राहायची आणि गेली सहा वर्षं दर रविवारी फोनवर एकच विचारायची, "झालं का गं?" आता तिनं शेजारपाजारी "आमची डॉक्टर" असं म्हणायला सुरुवातही करून टाकली होती. परिणामी ईस्टरला पेरिना घरी गेली तेव्हा दोन शेजारणी आपापले गुडघे घेऊन ओट्यावर हजर होत्या.

बदल्यात द्यायचं काय राहिलं होतं? फारसं काही नाही. सहा वर्षं देऊन झाली होती. डोळ्यांचा नंबर वाढवून झाला होता. आता प्रबंधातल्या चौथ्या आकृतीतला एकच आकडा पक्का व्हायचा होता, आणि तो आकडा दर गुरुवारी नेदिल्काच्या डाव्या हातातून निघायचा.

नेदिल्का बारिच प्रयोगशाळेची तंत्रज्ञ. वय त्रेसष्ट, नोकरी एकतीस वर्षं, जूनअखेर निवृत्त. युद्धाच्या पहिल्या हिवाळ्यात स्प्लिटच्या रक्तपेढीनं कळवलं होतं, की जखमींना रक्त पुरत नाही, बेडकांच्या प्रयोगांसाठी कुठून द्यायचं? बरोबरच होतं त्यांचं. तेव्हा तरुण असलेले प्रोफेसर फ्राने लुक्षिच डोकं धरून बसले. नेदिल्कानं बाही वर सारली आणि म्हणाली, "आठ मिलिलीटरनं मी मरत नाही. घे." तेव्हापासून तो रिवाजच पडला. दर गुरुवारी नेदिल्काचं रक्त, आणि रक्त काढून झालं की प्रोफेसरांनी स्वतःच्या हातानं कापलेले धुरावलेल्या हॅमचे काप, पाव आणि काळ्या वाईनचा एक पेला. तिथे लाल वाईनला काळीच म्हणतात. पुढे परवानगीचे कागद आले, समित्या आल्या. नेदिल्कानं दरवर्षी सही केली. दुसऱ्या कोणाचं नाव त्या कागदावर कधी चढलंच नाही.

"जवळजवळ तीस वर्षं एकच रक्त," प्रोफेसर पाहुण्यांना सांगायचे. "इतकी पक्की मोजपट्टी दुसऱ्या कोणाकडे आहे?"

पाहुणे माना हलवायचे. प्रोफेसरांच्या बाजूला बसलेली मोजपट्टी पावाचा तुकडा चघळत असायची.

पेरिनाला हा सगळा विषय शिकवला तोही नेदिल्कानंच. प्रोफेसरांनी फळ्यावर सूत्रं लिहिली होती, पण समजलं ते नेदिल्काच्या टेबलाशी.

"हे बघ," ती पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती, "बेडूक चिखलात लोळतो. अंगावर ना खवले ना केस. मग तो कुजत का नाही? तर त्याच्या कातडीतून हे पाझरतं. पेप्टाइड. तेवीस मण्यांची माळ समज. आणि जंतू म्हणजे काय, तर चरबीच्या दोन पदरांची एक पिशवी. पिशवीवर ऋण भार, माळेवर धन. माळ आपोआप ओढली जाते आणि वरच्या पदरावर आडवी पडते. पाहुण्यासारखी."

"मग?"

"मग काय. एक पाहुणा आला, दोन आले, यजमान हसतोच. वीस आले की वरचा पदर रेटला जातो, रुंदावतो. खालचा पदर आहे तेवढाच. मग पिशवी वाकते, पातळ होते. भाजी भरायच्या सोपार्निकची पारी लाटताना एकाच जागी लाटणं फिरवत बसलीस तर काय होतं?"

"भोक पडतं."

"भाजी बाहेर येते. जंतू संपला."

"आणि आपल्या पेशी, मावशी? त्याही चरबीच्याच पिशव्या."

"आपल्या पदरात कोलेस्टेरॉल घट्ट बसलेलं असतं. सणाच्या दिवशी चर्चच्या बाकावर आधी येऊन बसलेल्या बायका बघितल्यास ना? उशिरा आलेल्याला सरकून जागा देतात का?"

"नाही."

"झालं तुझं शिक्षण. आता नळ्या धू."

सगळी मेख त्यातच होती. जंतूची पिशवी फोडणारी माळ मिळणं अवघड नसतं. मधमाशीच्या विषातही असते. पण ती आपल्या पेशीही फोडते. जंतूला फोडेल आणि माणसाला सोडेल अशी माळ हवी. पेरिनाला ती त्सेतिना नदीकाठच्या एका बेडकात सापडली. बेडकाला पाण्यानं धुऊन पुन्हा नदीत सोडून दिलं, माळेचे मणी ओळखले, तशीच माळ प्रयोगशाळेत बनवून घेतली आणि नदीवरून तिचं नाव ठेवलं त्सेतिनिन. शंभरातले नव्याण्णव जंतू मेले. नेदिल्काच्या तांबड्या पेशी मात्र शंभरातल्या दोनच फुटल्या. हीच ती चौथी आकृती. प्रोफेसरांनी सप्टेंबरच्या परिषदेतल्या भाषणासाठी ती मोठी करून घेतली होती आणि येताजाता तिच्यासमोर उभे राहायचे.

एप्रिलातला एक गुरुवार. दक्षिणेकडून दमट युगो सुटला होता, आणि त्या वाऱ्यात सगळं शहर आपली डोकेदुखी, भांडणं आणि आळस वाऱ्याच्या नावावर लिहून मोकळं होतं. नेदिल्का सुई काढल्यावर कापूस दाबून बसली होती आणि दुसऱ्या हाताचा तळवा टेबलाच्या कडेवर घासत होती.

"मावशी, हातमोजे बदलून बघा ना. किती खाजवता."

"तीस वर्षं हेच हातमोजे आहेत. युगो आहे, युगो."

"परवा उत्तरेचा वारा होता. तेव्हाही खाजवत होतात."

"तू माझ्या हाताकडे बघू नकोस, नळीकडे बघ."

प्रोफेसर हॅम घेऊन आले. काप ते नेहमी इतके पातळ कापायचे की त्यांतून पलीकडची खिडकी दिसावी. नेदिल्काच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "डोळ्यांच्या कोपऱ्यात सोनं चढलंय गं तुझ्या. निवृत्तीच्या आधीच दागिने?"

तिच्या पापण्यांजवळ खरंच दोन पिवळसर ठिपके होते.

"तुझ्यासारख्याबरोबर तीस वर्षं काढल्याचं पदक आहे ते, फ्राने," ती म्हणाली. पाहुण्यांसमोर तो "प्रोफेसर" असायचा, एरवी फ्राने. "जाड काप कधीतरी. मी रक्त दिलंय, खिडकी मागितलेली नाही."

पेरिना हसली आणि नळ्या फिरत्या यंत्रात ठेवायला गेली. तळाशी न फुटलेल्या पेशींचं तांबडं बटण, वर पाण्यासारखं स्वच्छ. पुन्हा दोन टक्के. सगळं आनंदात होतं.

दोन आठवड्यांनी झाग्रेबच्या परीक्षकबाईंचं पत्र आलं. प्रबंध उत्तम आहे, पान एकशे बारावर एक स्वल्पविराम चुकलाय, आणि चौथ्या आकृतीसाठी कृपया आणखी दोन व्यक्तींचं रक्त वापरून पाहावं.

नेदिल्काला हे लागलं. "म्हणजे माझं रक्त झाग्रेबला चालत नाही."

"तसं नाही हो मावशी. रीत असते."

"रीत! रक्तपेढीनं नाही म्हटलं तेव्हा झाग्रेबहून कोणी बाटली घेऊन आलं होतं का?" पण ती न रुसता कामाला लागली, कारण उरलेली दोन माणसं म्हणजे पेरिना आणि प्रोफेसर, आणि प्रोफेसरांना सुई टोचायची संधी तिला तीस वर्षांत मिळाली नव्हती. कागदांवर सह्या झाल्या. प्रोफेसर खिडकीबाहेर बोटी मोजू लागले.

"इकडे बघ ना, फ्राने. तुझंही लालच आहे."

आधी तिनं स्वतःचं रक्त काढून घेतलं, कारण तो गुरुवार होता. मग साडेतीनच्या बोटीनं बहिणीकडे ब्राच बेटावर गेली, सोमवारी येते म्हणून.

यंत्र थांबलं तेव्हा पाच वाजले होते. पेरिनानं झाकण उघडलं. नेदिल्काची नळी नेहमीसारखी, तळाशी बटण, वर स्वच्छ. बाकीच्या दोन नळ्यांत बटण होतं ते जेमतेम. त्याच्या वर पाणी घातलेल्या वाईनसारखा एकसारखा लाल रंग. पेशी फुटल्या होत्या. शंभरातल्या साठ तिच्या स्वतःच्या, अठ्ठावन्न प्रोफेसरांच्या.

पहिल्यांदा तिनं नळ्यांची अदलाबदल झाली असं ठरवलं. शुक्रवारी नवीन माळ घेतली, नवीन मीठपाणी केलं; एकसष्ट. शनिवारी पेशी तीनऐवजी पाच वेळा धुतल्या, म्हणजे रक्तातलं दुसरं काही आड येत असेल तर निघून जावं. साठ. तिचा बेडूक माणसांनाही सोडत नव्हता. तो फक्त नेदिल्काला सोडत होता.

शनिवारी दुपारी प्रोफेसर आले, तिन्ही नळ्या उजेडात धरून बराच वेळ उभे राहिले आणि मग खुर्चीत बसले. ते वाईट माणूस नव्हते. पासष्टाव्या वर्षी मोठ्या सभागृहात एक सुंदर चित्र दाखवायचं राहिलेला माणूस जितका वाईट होऊ शकतो, तितकेच.

"परवानगी समिती आता ऑक्टोबरशिवाय बसत नाही," ते म्हणाले.

"आपल्या दोघांच्या सह्या झाल्यात, प्रोफेसर."

"सह्या झाल्यात. मंजुरी कुठे झालीये? खरं म्हणजे आपण हे रक्त काढायलाच नको होतं." त्यांनी चष्मा पुसला. "मी झाग्रेबला लिहितो, समिती ऑक्टोबरमध्ये बसेल, जादाचे प्रयोग प्रबंधानंतर करू. यात खोटं काय आहे? समिती खरंच ऑक्टोबरमध्ये बसते."

"आणि आकडा?"

"आकडा नेदिल्काचा आहे. नेदिल्काचं रक्त कधी खोटं बोललंय?" मग खालच्या आवाजात, "जागेची निवड जूनमध्ये आहे, पोरी. ऑक्टोबरमध्ये नाही."

ते गेले. पेरिनानं मनाशी सरळ हिशोब मांडला. एका बाजूला चार गोष्टी. दुसऱ्या बाजूला झाग्रेबच्या एका बाईची शंका, जी एका खऱ्या वाक्यानं ऑक्टोबरपर्यंत झोपवता येते. तिनं नाही म्हटलं नाही, हे लिहून ठेवायला हवं. ती म्हणाली होती, "विचार करते."

रविवारी दुपारी ती एकटीच प्रयोगशाळेत आली. चूक कुठे आहे ते तरी कळावं, म्हणून तिनं कपाटातून नेदिल्काच्या वह्या काढल्या. दर वर्षाची एक, एकोणतीस वह्या, निळ्या शाईतलं गोल अक्षर. दर गुरुवारी बेडकाची माळ तपासायच्या आधी एक ठरलेली चाचणी असायची: मधमाशीच्या विषातली माळ किती घातली की निम्म्या पेशी फुटतात. यंत्रं, मीठपाणी, हात, सगळं ठीक आहे ना, हे बघण्यासाठी. पहिल्या वहीत, दोन माप. दहाव्या वहीत, दोन माप. विसाव्या, पंचविसाव्या वहीत, दोन माप. सव्विसाव्या वहीत मार्चपासून अडीच, आणि समासात बारीक अक्षरात: "विष मऊ पडलं. नवीन बाटली मागवली." सत्ताविसाव्या वहीत तीन. "नवी बाटलीही मऊ. पुरवठादार बदलला." अठ्ठाविसाव्यात साडेतीन. एकोणतिसाव्यात चार. "हल्ली कोणतीच गोष्ट पूर्वीसारखी येत नाही."

पेरिना त्या शेवटच्या वाक्याशी थांबली. भाजी अळणी लागली तर मिठाच्या बरणीला दोष देणाऱ्या बायका असतात. जिभेकडे त्यांचं लक्ष जात नाही. नेदिल्कानं विष तीन वर्षं चाखून चाखून वाढवलं होतं, निम्म्या पेशी फुटेपर्यंत. चाचणीचा आकडा दर गुरुवारी बरोबर येत होता, कारण तो येईपर्यंत ती थांबतच नव्हती.

तिनं फ्रीजमधून तिघांचं उरलेलं रक्त आणि त्याच मऊ पडलेल्या विषाची बाटली काढली. तिच्या स्वतःच्या निम्म्या पेशी दोन मापांत फुटल्या. प्रोफेसरांच्या दोन मापांत. नेदिल्काच्या चार मापांत.

विष ठणठणीत होतं. मोजपट्टी बदलली होती.

मग तिनं तिन्ही रक्तांतल्या पेशींच्या नुसत्या पिशव्या वेगळ्या केल्या आणि त्यांतली चरबी मोजली. हे काम तिला झोपेतही आलं असतं. नेदिल्काच्या पदरात कोलेस्टेरॉल इतरांच्या दीडपट होतं. बाकावर बायका मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. मधमाशी आली काय आणि बेडूक आला काय, कोणी सरकत नव्हतं. पण इतक्या बायका आल्या कुठून? पेरिना वाचत बसली. पित्ताची वाट बंद होऊ लागली की कोलेस्टेरॉलला बाहेर पडायला मार्ग राहत नाही. ते रक्तात साचतं आणि तांबड्या पेशींच्या पदरात जाऊन बसतं. त्या पानावर पुढे लक्षणांची ओळ होती. तळहात-तळपायांची खाज. पापण्यांपाशी पिवळे ठिपके. कोरडे डोळे. थकवा.

हल्ली नेदिल्का जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबायची. "समुद्र बघते," म्हणायची. जिन्यातून समुद्र दिसत नव्हता.

अजूनही एक पळवाट होती, आणि पेरिना हुशार मुलगी असल्यामुळे ती तिला दिसली. दोन गोष्टी दोन खणांत ठेवायच्या. मावशीला काहीतरी कारण काढून डॉक्टरकडे पाठवायचं आणि चौथी आकृती होती तिथेच ठेवायची. कोणाचंच नुकसान नाही. अडचण मावशीचीच होती. गेल्या हिवाळ्यात प्रोफेसरांनी तिला तपासून घे म्हटलं होतं तेव्हा ती म्हणाली होती, "डॉक्टरांना काहीतरी सापडतंच. त्यांचं ते कामच आहे." तिचा विश्वास फक्त स्वतःच्या अक्षरावर होता. तिला हलवायचं तर वह्या समोर ठेवाव्या लागणार. आणि वह्या समोर ठेवल्या की चौथ्या आकृतीवर पहिली फुली नेदिल्काच मारणार, निळ्या शाईनं.

सोमवारी सकाळी नेदिल्का बुडबुडे, म्हणजे चाचणीसाठी चरबीच्या नकली पिशव्या, बनवत होती. चरबीचा पातळ थर पाण्यात फुलवायचा आणि ते दुधी पाणी बारीक छिद्रांच्या गाळणीतून या पिचकारीतून त्या पिचकारीत दाबायचं, म्हणजे सगळे बुडबुडे एका मापाचे होतात. एकवीस वेळा. नेहमी विषम, म्हणजे शेवटी माल पलीकडच्या बाजूला आणि घाण अलीकडे राहते. ती मोठ्यानं मोजत होती. मोजताना तिला कोणी बोललेलं चालत नसे. पेरिना वह्या छातीशी धरून उभी राहिली.

"...एकोणीस. वीस. एकवीस. बोल. चेहरा असा का? आई बरी आहे ना?"

"मावशी, विष मऊ नव्हतं पडलं."

"काय?"

"बघा ना." पेरिनानं चार वह्या उघडून शेजारी शेजारी मांडल्या आणि रविवारचे आकडे सांगितले. चरबीचेही.

नेदिल्काचा चेहरा आधी लाल झाला. "म्हणजे मी तीन वर्षं आकडे जुळवत होते?"

"तसं नाही म्हणत मी."

"मग काय म्हणतेस? एकतीस वर्षं काम केलंय मी या टेबलावर. तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस. ऊठ तिथून. मी स्वतः करते."

तिनं केलं. सुई स्वतःच टोचून घेतली, आठ मिलिलीटर, सोमवार असूनही. पेरिनाचंही घेतलं, जरा जोरातच टोचून. पेशी धुतल्या, विष मोजलं, तासाभराचा गजर लावला.  नेदिल्का तळवा टेबलाच्या कडेवर घासत होती आणि घासते आहे हे लक्षात आल्यावर थांबत होती. यंत्र थांबलं. तिनं दोन नळ्या काढून खिडकीशी नेल्या. एक लाल. एक स्वच्छ, तळाशी तांबडं बटण. ती खूप वेळ त्या बटणाकडे बघत राहिली, जणू आपल्याच मुलानं काही लपवलं असावं.

मग येऊन बसली. वही ओढली, तारीख घातली, आकडे लिहिले. समासात काही लिहायला पेन टेकवलं आणि उचललं.

"चौथी आकृती?" तिनं विचारलं.

"वगळावी लागेल."

"म्हणजे त्सेतिनिन गेलं."

"माणसाला देता येणार नाही. गेलंच."

"जूनची जागा?"

पेरिनानं उघड्या वह्या मिटायला घेतल्या.

"मूर्ख पोरी," नेदिल्का म्हणाली. आवाज अगदी हळू होता. "मी जूनअखेर निघून गेले असते. तुला पदवी मिळाली असती, जागा मिळाली असती. नंतर मी कशानं आजारी पडले, कोण विचारायला आलं असतं? तूही मग कारण काढून आली असतीस, फुलं घेऊन."

"हो."

"विचार केला होतास तसा?"

"दीड दिवस."

"मग का सांगितलंस?"

पेरिनानं खूप काही तयार करून आणलं होतं. तोंडातून भलतंच निघालं. "गुरुवारी हॅम कोण खाणार मग? प्रोफेसरांचे काप मला पुरत नाहीत."

नेदिल्का हसली, आणि हसता हसताच तिनं पेरिनाचा हात ओढून आपल्या खाजऱ्या तळव्यात घट्ट धरला. दोघींच्या दंडावर कापसाचे बोळे होते. तशा त्या प्रोफेसर येईपर्यंत बसून होत्या.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त, यकृत, सगळं तपासलं. शरीर स्वतःच यकृतातल्या बारीक पित्तनलिकांवर उलटलं होतं. बायकांना या वयात होतं, सावकाश होतं, आणि बहुतेकींचं उशिरा कळतं. इथे उशीर झाला नव्हता. रोज गोळ्या, जन्मभर. वाईन बंद.

"इतक्या लवकर कोणी येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्हाला कोणी पाठवलं?"

"बेडकानं," नेदिल्का म्हणाली. तिथे बहुतेक तसंच लिहून घेतलं असणार, कारण पुढच्या खेपेस नर्सनं तिच्या डोक्याच्या तपासणीचाही विषय काढला.

ते आकडे बघितल्यावर प्रोफेसर दोन दिवस आपल्या खोलीबाहेर आले नव्हते. तिसऱ्या दिवशी त्यांनी झाग्रेबला पत्र लिहिलं आणि ते पेरिनाला वाचायला दिलं. समिती, ऑक्टोबर वगैरे काही नव्हतं. लिहिलं होतं, की चूक विद्यार्थिनीची नाही. एकाच माणसाच्या रक्तानं तीस वर्षं मोजत राहिलो आणि ती मोजपट्टी एकदाही मोजून पाहिली नाही, ही चूक माझी. खाली सही. त्या गुरुवारी हॅमचे काप इतके जाड होते की नेदिल्कानं दोनदा विचारलं, "बरा आहेस ना, फ्राने?"

जूनमध्ये जागा रियेकाच्या एका माणसाला मिळाली. शिंपल्यांवर काम करणारा, हसतमुख, आल्या आल्या सगळ्यांसाठी कॉफी करणारा. तो खरोखर चांगला माणूस निघाला, आणि त्यामुळे पेरिनाला त्याचा राग करायचीही सोय उरली नाही. तिला एक वर्षाची मुदतवाढ मिळाली. नेदिल्कानं मनोऱ्यासारख्या रचलेल्या सगळ्या वह्या तिच्या टेबलावर आणून ठेवल्या: "घे. माझी पिशवी का फुटली नाही ते शोध. फुकट तर गेलं नाही पाहिजे." पेरिनानं कोलेस्टेरॉल कमी-जास्त घालून बुडबुडे केले, वेगवेगळ्या माळा सोडल्या, कुठे पदर वाकतो आणि कुठे अडून बसतो ते मोजलं. बुडबुडे नेदिल्कानं केले. निवृत्त झाली होती, पण गुरुवारी यायची. "सवय," म्हणायची. फेब्रुवारीत, उत्तरेच्या वाऱ्यानं खिडक्या खडखडत असताना, अकरा माणसांपुढे पेरिनाची व्हायवा झाली. झाग्रेबच्या बाईंनी एकच प्रश्न विचारला: "हे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं?" पेरिनानं दुसऱ्या रांगेकडे बोट दाखवलं, जिथे नेदिल्का बारिच डोळ्यांत औषधाचे थेंब घालत होती, किंवा घालते आहे असं दाखवत होती.

आईला फोन केला. "झालं," पेरिना म्हणाली.

"आणि जागा?"

"ती नाही."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग आई म्हणाली, "बरं. शेजारच्या मांदाचा गुडघा बरा झाला, तुला सांगायला सांगितलंय."

म्हणजे शेवटी कोणी काय दिलं? फ्राने लुक्षिचनी सप्टेंबरमधलं एक चित्र दिलं आणि हॅम जाड कापण्याची सवय लावून घेतली. नेदिल्कानं काळी वाईन दिली, आणि आपलं रक्त सगळ्यांच्या रक्तासाठी चालतं हा अभिमानही दिला. त्यातलं वाईन देणं तिला सोपं गेलं. पेरिनानं एक जागा दिली, आठ महिने दिले आणि नदीचं नाव ठेवलेला एक रेणू दिला. आता परवानगीच्या कागदावर नेदिल्काचं नाव नाही, पण सहा नावं आहेत, आणि त्यांतलं पहिलं पेरिनाचं. गुरुवारी ती बाही वर सारते, नेदिल्का सुई उचलते, "बोटी मोज," म्हणते, आणि आठ मिलिलीटर काढून घेते.